गाडीतला जुना टेप आणि खारी हवा: साफसफाई, दुरुस्ती, जपणूक

आजोबांच्या आवाजातली एकच कॅसेट आमच्याकडे होती. गणपतीत पडवीत बसून केलेलं भजन, पखवाज, पेटी, झांज, आणि मध्येच आजीने कुणाला तरी चहा विचारलेला. चार वर्षं न वाजवलेल्या गाडीच्या टेपात मी ती घातली. दीड मिनिट आवाज आला, मग फीत रबराला गुंडाळत आत गेली. सोडवून काढली तेव्हा दोन हात लांब फीत चुरगळली होती. त्या जागी आजोबांचा आवाज आजही बुडतो आणि वर येतो. टेप आधी साफ करायला वीस मिनिटं लागली असती.

म्हणून सगळ्यात आधी हे करा: गेली तरी वाईट वाटणार नाही अशी, पण चांगली वाजणारी एक कॅसेट गाडीत तपासणीसाठी ठेवा. टेप बराच काळ बंद असेल तर पहिली तीच आत जाईल, घरातली मोलाची कॅसेट नाही.

त्यानंतर किनाऱ्यावरच्या कितीतरी गाड्यांचे टेप उघडून बघितले. मारुती ८००, ओम्नी, कमांडर जीप, एक पद्मिनी. वाजवून झिजलेले थोडे निघाले, पडून राहिल्याने बिघडलेले जास्त. गाडी गावाला असते, मालक मुंबईला असतो, शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला गाडी चालू होते. मधल्या काळात रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडून जातो, समुद्राची खारी हवा डॅशबोर्डच्या फटीतून आत शिरते आणि उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ तिच्यावर बसते. पावसाळ्यात मिठाची बरणी पाणी सोडते ना, तेच टेपाच्या आत होतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ज्या लोखंडावर बसलंय त्याला ओलं ठेवतं.

टेपाच्या आत काय घडतं

कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात लोकांसमोर आणली. तिची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने हेडसमोरून, म्हणजे फितीवरचा आवाज उचलणाऱ्या भागासमोरून, सरकते. एवढ्या संथ फितीवर १०,००० हर्ट्झचा सूर, म्हणजे झांजेच्या किणकिणाटातला वरचा भाग, उमटलेला असतो तेव्हा त्याची एक लाट जेमतेम पावणेपाच मायक्रॉन लांब असते. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. हेड आणि फीत यांच्यामध्ये एका मायक्रॉनचा मळ आला, तरी तो सूर साडेअकरा डेसिबेलने खाली जातो. हेड मळलं की पखवाज तसाच घुमतो, झांज मात्र गोधडीखालून वाजल्यासारखी येते, ती यामुळे.

दुसरी समजून घ्यायची जोडी म्हणजे कॅप्स्टन आणि रबराचा रोलर. कॅप्स्टन हा सुईपेक्षा थोडा जाड, गुळगुळीत पोलादी दांडा. रबराचा रोलर फितीला त्याच्यावर दाबून धरतो आणि या दोघांच्या चिमटीतून फीत पुढे सरकते. गाण्याचा वेग ही जोडी ठरवते. कॅसेटच्या भोकातली फिरकी फक्त पुढे आलेली फीत गुंडाळून घेते. आता विचार करा, फिरकी अडली किंवा ढिली पडली आणि कॅप्स्टन मात्र फीत ढकलतच राहिला तर? त्या फितीला जायला जागा नाही. रबर चिकट झालेलं असेल तर ती रबरालाच वेढे घालते. 'टेपने कॅसेट खाल्ली' म्हणतात ते हेच.

कुडाळच्या बाजारात टेप दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ होते. मी हेड पुसायला लागलो की ते म्हणायचे, "आदी रबर बघ, मगे हेडाक हात लाव." त्यांचा क्रम मी अजून पाळतो.

कानाने ओळखा

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी तपासणीची कॅसेट पाच मिनिटं ऐका. भजनाची कॅसेट यासाठी फार चांगली, कारण तिच्यात खालचा, मधला आणि वरचा असे सगळे आवाज एकत्र असतात.

झांज दबलेली असेल तर हेड मळलंय, किंवा त्याचा कोन हललाय. पेटीचा लांब धरलेला सूर हेलकावे खात असेल तर रोलर किंवा कॅप्स्टनवर मळाचा उंचवटा आहे, नाहीतर मोटरची फिरत यंत्राला देणारा रबरी बेल्ट सैल आहे. सगळंच गाणं एका पट्टीने उतरलेलं, गायक जणू दमलाय, असं वाटलं तर संशय बेल्टवर. एका बाजूचा स्पीकर गप्प असेल तर आधी हेड पुसून बघा, त्याने फरक पडला नाही तर वायर. आवाज कमी-जास्त करताना खरखर झाली तर तो टेपाच्या यंत्राचा दोष नाही, व्हॉल्यूमच्या कंट्रोलचा आहे. ऑटो रिव्हर्सचा टेप, म्हणजे एक बाजू संपली की दुसरी आपणच वाजवणारा, दर दोन-चार सेकंदांनी आपणहून बाजू बदलत असेल तर फिरकी नीट फिरत नाही. यंत्राला वाटतं फीत संपली. आणि काहीच चालू होत नसेल, दिवासुद्धा लागत नसेल, तर पहिला फ्यूज बघा. किनाऱ्यावर फ्यूज उडालेला नसतो पण त्याच्या पायांवर हिरवा-पांढरा थर आलेला असतो. काढून, पुसून, परत बसवल्यावर टेप चालू झाल्याचं मी अनेकदा पाहिलंय.

सामान

मुख्य वस्तू एकच: आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्के. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे आयपीए म्हणून मागितलं की मिळतं. ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेलं बहुतांश पाणी असतं, ते लोखंडावर रेंगाळतं. ९९ टक्क्यांचं अल्कोहोलही हवेतलं पाणी ओढतं, म्हणून आपल्या हवेत मोठा कॅन घेऊ नका. शंभर मिलिलिटरची बाटली घ्या, झाकणात थोडं ओतून वापरा आणि बाटली लगेच घट्ट बंद करा. ते पेट घेतं. गाडी बंद, चावी काढलेली, दारं उघडी आणि जवळपास उदबत्तीसुद्धा नको.

हात धुवायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं. अत्तर किंवा कोलन वॉटर नको, सुगंधी तेलाचा थर मागे राहतो. नेलपॉलिश काढायचं द्रव्य प्लास्टिक विरघळवतं. पेट्रोल आणि रॉकेल रबराला फुगवतात. गंज सोडवायचा स्प्रे तर टेपाच्या तोंडातून कधीच मारू नका. आमच्या ओळखीतल्या एका गाडीचा टेप दुरुस्तीला दिला होता, तो असा स्प्रे मारून परत आला. रोलर, बेल्ट, कॅप्स्टन, सगळ्यांवर तेल. दोन दिवस चालला, मग एकही कॅसेट धड पुढे सरकेना. सगळं उघडून, धुऊन, दोन रबरं बदलून तो मार्गी लावावा लागला.

बाकीचं सामान घरात असतं: कापूस घट्ट गुंडाळलेल्या कानाच्या काड्या (सैल असतील तर तंतू आत राहतात), जुन्या सुती धोतराचा किंवा बनियनचा मऊ तुकडा, लाकडी टूथपिक, टॉर्च, प्लास्टिकचा चिमटा, साबणाचं सौम्य पाणी. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटरही आणा. त्याचं काम पुढे येईल. स्क्रू ड्रायव्हर चुंबक लावलेला नको. असलाच तर हेडपासून लांब ठेवा.

टेप न काढता करायची सफाई

रोजच्या वापरातल्या टेपाला हेवढं बस होतं. दहा-पंधरा तास वाजवून झाला की करावं.

टॉर्चने आत बघा. हेड कुठल्या भिंतीला आहे ते मॉडेलवर ठरतं. चिंचोळ्या बाजूने कॅसेट घेणाऱ्या टेपांत बहुधा उजवीकडे असतं. कॅसेट नसताना हेड आणि रोलर मागे सरकलेले असतात, त्यामुळे काडी पोचायला अवघड जाते. यासाठी ओली क्लीनिंग कॅसेट चांगली. तिच्या नमद्यावर, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या पट्टीवर, अल्कोहोलचे तीन-चार थेंब टाका, जास्त नाही. आत घालून पंधरा-वीस सेकंद चालवा, बाहेर काढा. नमद्यावर तपकिरी डाग दिसेल. तो फितीवरून सुटलेला लोहाच्या ऑक्साइडचा थर. ऑटो रिव्हर्स असेल तर दोन्ही दिशांनी चालवा, कारण तिथे कॅप्स्टन आणि रोलरच्या दोन जोड्या असतात आणि एकीकडची साफ झाली म्हणून दुसरी होत नाही. नमदा स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा करा. शेवटी दहा मिनिटं टेप रिकामा ठेवा. ओल्या रोलरवर फीत घातली तर ती चिकटते आणि आपण टाळायला निघालो तेच घडतं.

कोरडी क्लीनिंग कॅसेट, जिच्यात खरखरीत फीत असते, ती मी वापरत नाही. ती हेड घासून साफ करते, आणि या जुन्या टेपांची हेडं आता सहज मिळत नाहीत.

टेप बाहेर काढताना

वर्ष-दोन वर्षं बंद असलेला टेप वरवरच्या सफाईने सुधारत नाही, तो काढायलाच हवा. काम शांत दुपारचं आहे, घाईचं नाही.

आधी एक गोष्ट विचारून घ्या. गाडीबरोबर कंपनीकडून आलेल्या काही टेपांना चोरी होऊ नये म्हणून कोड असतो. बॅटरीची वायर सोडली की टेप तो कोड मागतो. गाडीच्या जुन्या पुस्तकात किंवा कार्डावर कोड सापडला तरच पुढे जा. बाजारातून बसवलेल्या साध्या टेपाला बहुतेक वेळा ही भानगड नसते.

मग बॅटरीची वजा बाजूची वायर सोडा. टेपाभोवतीची प्लास्टिकची चौकट बोटांनी किंवा लाकडी पट्टीने ओढून काढा. उन्हाने ती ठिसूळ झालेली असते, म्हणून कोपऱ्यातून थोडी थोडी. दोन्ही बाजूंना टेप काढायच्या चाव्यांच्या पातळ पट्ट्या घातल्या की आतले हूक सुटतात आणि टेप पुढे सरकतो. सरकत नसेल तर मागच्या बाजूला आधाराचा स्क्रू आहे असं समजा, जोर लावू नका. बाहेर आला की वायरी सोडण्याआधी मोबाइलने फोटो काढा. बाजारातल्या बहुतेक टेपांत पिवळी वायर कायमच्या वीजपुरवठ्याची, लाल चावीवरची आणि काळी अर्थिंगची असते, पण जुन्या गाड्यांत कुणी कुठे काय जोडलंय याचा भरवसा नाही. कागदी चिकटपट्टीवर लिहून प्रत्येक वायरीला लावा.

घरात टेबलावर जुनं पांढरं कापड अंथरा. स्क्रू पडला तर पांढऱ्यावर दिसतो. वरचं झाकण चार-सहा स्क्रूंवर असतं. झाकण निघालं की पुन्हा फोटो, बेल्ट कुठून कुठे जातो तो नीट दिसेल असा.

रबर, मग दांडा, मग हेड

चांगला रोलर मंद काळा असतो आणि नखाने दाबला तर किंचित दबतो. मळलेला रोलर मधल्या पट्ट्यात तपकिरी आणि चकचकीत दिसतो. साबणाच्या सौम्य पाण्यात काडी बुडवून, पिळून, रोलर बोटाने फिरवत पुसा. तपकिरी रंग येणं थांबलं की डिस्टिल्ड वॉटरने पुसून कोरडा करा. हट्टी डागाला अल्कोहोल लावायला हरकत नाही, पण दरवेळी लावलं तर रबर कोरडं पडत जातं. त्यानंतर बोट लावून बघा. रबर बोटाला चिकटलं, किंवा त्यावर बारीक भेगा दिसल्या, किंवा ते काचेसारखं कडक लागलं तर ते साफ करून उपयोग नाही. बदलावं लागेल. व्यास, जाडी आणि मधल्या भोकाचं माप घेऊन ठेवा. मुंबईला कुणी जाणार असेल तर लॅमिंग्टन रोडला जुन्या टेपांचे सुटे भाग अजून शोधता येतात.

कॅप्स्टनवर मळाचं कडं बसतं. साध्या डोळ्यांनी ते दांड्याचाच भाग वाटतं, कारण ते सगळीकडे सारखं असतं. काडी अल्कोहोलमध्ये ओली करून दांड्याला टेकवा आणि खालचं जड चाक बोटाने हळू फिरवा. कडं घट्ट असेल तर लाकडी टूथपिकचं टोक हलकेच धरा. पातं नको, पॉलिश पेपर तर अजिबात नको. दांड्याचा व्यास किंचित बदलला तरी वेग बदलतो आणि ओरखडा पडला तर पेटीचा सूर दर फेऱ्याला थरथरतो. दांड्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर खरं सांगायचं म्हणजे त्या टेपाचं यंत्र बदलायची वेळ आली.

हेड शेवटी. ओल्या काडीने फीत ज्या दिशेने सरकते त्या दिशेने पुसा, दाब न देता. हेडच्या कडांना फीत धरून ठेवणारे दोन बारीक खुंट असतात, त्यांच्या कोपऱ्यात मळ साचतो, तो विसरू नका. मग टॉर्च तिरका धरून हेडचा चेहरा बघा. फितीच्या रुंदीएवढा खोल पट्टा, नख अडकेल असा, पडला असेल तर हेड झिजलंय.

मीठ अल्कोहोलने निघत नाही

किनाऱ्यावरच्या माणसाने नीट लक्षात ठेवावा असा हा भाग आहे, आणि मला तो फार उशिरा कळला. मी टेपाची पत्र्याची चौकट, कनेक्टरचे पाय, स्प्रिंगा, सगळं अल्कोहोलने पुसायचो, दोन महिन्यांत पांढरी पूड परत यायची. कारण साधं आहे. मीठ पाण्यात विरघळतं, आयसोप्रोपिलमध्ये जवळजवळ नाही. अल्कोहोलने आपण मीठ फक्त इकडचं तिकडे करतो.

म्हणून पांढरा किंवा हिरवट थर दिसेल तिथे आधी डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेली, नीट पिळलेली काडी फिरवा. एक काडी एकदाच. दोन-तीन काड्यांनी मीठ उचललं की मग अल्कोहोलची काडी. ती मागे उरलेलं पाणी घेऊन उडून जाते. नळाचं किंवा विहिरीचं पाणी वापरू नका, त्यात आपलेच क्षार असतात. मोटरच्या आत आणि सर्किटवर पाणी जाणार नाही एवढी काळजी घ्या. मग उघडा टेप तास-दोन तास पंख्याखाली ठेवा. उन्हात ठेवू नका.

मालवण, हर्णै, मुरुड अशा ठिकाणी अगदी पाण्यालगत गाडी उभी राहत असेल तर हे वर्षातून एकदा कराच. कणकवली-सावंतवाडीकडे आत आलात की दोन-तीन वर्षांनी केलं तरी चालतं.

बेल्ट

बेल्ट सैल झालाय का हे बघायला जड चाक बोटाने धरा आणि मोटरची चकती फिरवून बघा. बेल्ट सहज घसरत असेल तर गेला. काही जुन्या टेपांत बेल्ट विरघळून डांबरासारखा झालेला सापडतो. हे घाणेरडं काम आहे: हातमोजे घाला, आधी लाकडी काडीने गोळा उचला, मग अल्कोहोल आणि कापसाने चकतीच्या खाचा पुसा. त्याचा एक ठिपकाही कॅप्स्टनवर किंवा रोलरवर राहता कामा नये. कपड्यांना लागला तर डाग जात नाही.

नव्या बेल्टसाठी जुना बेल्ट एका जागी कापून सरळ करून मोजा. जुना ताणलेला असतो, तेव्हा नवा सुमारे पाच टक्के लहान घ्या. जुना २०० मिलिमीटर भरला तर १९० चा. छेद चौकोनी आहे की चपटा हेही बघा, चपट्याच्या जागी चौकोनी बसवला तर तो खाचेतून चढतो. फार घट्ट बेल्टही नको, मोटरचं बेअरिंग घासतं. बसवण्याआधी बेल्ट अल्कोहोलने पुसा आणि चिमट्यानेच धरा, बोटांचं तेल लागलं की तो घसरायला लागतो. कित्येक टेपांच्या मोटरच्या मागे वेग ठरवायचा बारीक स्क्रू असतो. नवा बेल्ट बसवून, टेप अर्धा तास चालवून मगच त्याचा विचार करा. ९० मिनिटांची कॅसेट असेल तर एक बाजू ४५ मिनिटांच्या आसपास, बहुधा किंचित जास्त, चालायला हवी.

तेल, तेही थेंबाने

आपल्याकडे कुरकुरणाऱ्या दारापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला खोबरेल लावायची सवय आहे. टेपाला लावू नका. खोबरेल साधारण २४ अंशाखाली गोठतं, आणि पुढे खवट होऊन चिकट राळ बनतं. डिसेंबरच्या पहाटे टेप अडखळतो आणि दुपारी सुरळीत चालतो, असं एका जीपमध्ये झालं होतं, आत खोबरेलच निघालं.

शिवणयंत्राचं पातळ तेल घ्या. सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब कॅप्स्टनच्या बुडाशी, जिथे दांडा बुशमध्ये जातो तिथे, आणि फिरक्यांच्या बुडाशी. बस. सरकणाऱ्या पट्ट्यांवरचा जुना ग्रीस घट्ट झाला असेल तर तो पुसून नवा, प्लास्टिकला चालणारा, अगदी पातळ लावा. शेवटी कॅप्स्टनची फीत लागणारी बाजू पुन्हा एकदा कोरड्या काडीने पुसा.

व्हॉल्यूमच्या कंट्रोलची खरखर काढायला कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा त्याच्या फटीतून, आणि मग बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवा. हेडमध्ये साचलेलं चुंबकत्व काढायची बॅटरीवरची कॅसेट मिळाली तर तीस-चाळीस तासांनी एकदा चालवा. नाही मिळाली तर तेवढ्यासाठी अडून राहू नका. हेडच्या कोनाचा स्क्रू मात्र सगळी सफाई होऊन, दोन-तीन वेगवेगळ्या कॅसेटी ऐकून, झांज सगळ्यांत दबलेलीच असेल तरच हात लावायचा. टेप वाजत असताना एक अष्टमांश फेरा इकडे, एक तिकडे, आणि वरचे सूर सर्वांत स्पष्ट येतील तिथे थांबा. मूळची खूण आधी बारीक पेनाने करून ठेवा. जमलं की स्क्रू हलू नये म्हणून नेलपॉलिशचा ठिपका.

कॅसेटी

टेप झळझळीत झाला आणि आत बुरशी आलेली कॅसेट घातली तर सगळं पाण्यात. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळलेल्या फितीच्या कडा उजेडात बघा. पांढरे किंवा करडे ठिपके, कापसासारखी वलयं दिसली तर ती कॅसेट कुठल्याच टेपात घालू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटमध्ये जाते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा. ती उघडून पुसायची तर नाकाला मास्क लावून, घराबाहेर, कोरड्या दिवसांत.

ठीक दिसणारी कॅसेटही लगेच वाजवू नका. सहाकोनी पेन्सिल भोकात घालून फीत चार-सहा वेढे दोन्ही बाजूंनी फिरवा. अडखळत असेल तर कॅसेट तळहातावर चपटी दोन-तीनदा हलकी आपटा, मग पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. हे शक्यतो घरच्या टेपवर करा. हेडसमोर येणारा नमद्याचा छोटा तुकडा जागेवर आहे का बघा. जुन्या कॅसेटींत त्याचा गोंद सुटतो आणि आवाज एकदम पातळ येतो. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत फार पातळ असते. गाडीत ती वापरू नये असं माझं मत आहे, खड्ड्यांचा रस्ता आणि ऑटो रिव्हर्स हे दोन्ही तिला झेपत नाहीत.

तपासणीची सोडून बाकी कॅसेटी गाडीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर कॅसेटचं कवच वाकतं, मागच्या स्पीकरवर ठेवली तर त्याच्या चुंबकाने आवाज पुसट होतो. त्या दिवसाच्या प्रवासाला लागतील तेवढ्या न्या आणि परत आणा. घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, आपापल्या खोक्यात, उभ्या ठेवा. सोबत सिलिका जेलची पुरचुंडी. रंग बदलणारे दाणे असले तर रंग बदलल्यावर तापवून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. तांदळाच्या डब्यात कॅसेट ठेवायचा सल्लाही कुणी देईल. तांदळाची बारीक पूड फितीत जाते, तेव्हा नको.

वर्षभराचा क्रम

मृगाचा पाऊस लागायच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, संपूर्ण सफाई करा. पावसाळ्यात गाडी उभीच राहणार असली तरी कुणाला तरी सांगून आठवड्यातून एकदा इंजिन चालू करायला लावा आणि तपासणीची कॅसेट दहा-पंधरा मिनिटं वाजू द्या. यंत्र फिरतं, रबर एकाच जागी दबून राहत नाही, आतला दमटपणा थोडा तरी निघतो. टेप बंद करताना कॅसेट बाहेर काढायला सांगा. आत राहिली तर रोलर फितीसकट कॅप्स्टनवर दबून राहू शकतो आणि त्याला खळगा पडतो, मग प्रत्येक फेऱ्याला एक ठोका ऐकू येतो.

एसी चालवलेल्या गाडीची दारं पावसात उघडली की थंड हेडवर दव धरतं. अशा वेळी पाव तास थांबून मगच कॅसेट घाला. गणपतीला येणाऱ्यांनी गाडी काढल्यावर पहिल्या दिवशी ओली क्लीनिंग कॅसेट फिरवावी. दसऱ्याला गाडी धुऊन पूजेला लावतोच, त्याच दिवशी फ्यूजचे पाय आणि टेपामागचे कनेक्टर बघून घ्या. पावसाळाभर बसलेलं मीठ तेव्हा ताजं असतं आणि डिस्टिल्ड वॉटरच्या दोन काड्यांत निघतं.

आणि घरातला ज्याचा आवाज एकाच कॅसेटवर आहे, ती कॅसेट गाडीत वाजवण्याआधी तिची प्रत करून घ्या. घरच्या चांगल्या टेपच्या लाइन-आउटमधून वायर संगणकाच्या लाइन-इनमध्ये जोडा, आवाजाची पातळी लाल रेषेच्या खाली ठेवा आणि दोन्ही बाजू सलग, न कापता घ्या. आजीने चहा विचारलेला भागही राहू द्या.